सहलीतून शहाणपण येते का?

डिसेंबर उजाडला की मराठवाड्यातल्या शाळांना सहलीचे वेध लागतात. मुले डब्यात काय न्यायचे याचे बेत करतात, आया स्वेटर शोधतात आणि वडील मंडळी वर्गणीचा आकडा पाहून कपाळाला आठ्या घालतात. यंदा आमच्या घरीही अशी एक चिठ्ठी आली. नातू नांदेडच्या एका शाळेत सहावीत आहे. चिठ्ठीवर ठळक अक्षरांत ‘शैक्षणिक सहल’ असे छापले होते. ठिकाण मात्र होते एक करमणुकीचे उद्यान. पाण्याच्या घसरगुंड्या, उलटेपालटे करणारे पाळणे आणि दुपारचे जेवण, असा सगळा सरंजाम.

सहल रात्री दीड वाजता परतली. नातवाचा आवाज बसला होता, पण डोळे चमकत होते. दुसऱ्या दिवशी चहा घेताना मी मास्तरकीच्या जुन्या सवयीने विचारले, “मग, काय शिकून आलास?” तो माझ्याकडे अचंब्याने पाहत म्हणाला, “आजोबा, सहलीत शिकायचं असतं का?”

सूनबाई हसल्या, मीही हसलो. पण तो प्रश्न काही मनातून जाईना. कारण अठ्ठावीस वर्षे मी स्वतः ‘शैक्षणिक’ सहली काढल्या आहेत, आणि मुले त्यांतून काय शिकली याचा हिशेब मी कधीच मांडलेला नाही.

मी लातूरच्या एका शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवत असे. आमची सहल म्हणजे एस. टी.ची लाल गाडी आणि ठरलेला मार्ग. दौलताबाद, वेरूळ, अजिंठा आणि परतीच्या वाटेवर पैठण. जायकवाडीच्या पायथ्याशी असलेल्या संत ज्ञानेश्वर उद्यानातली रंगीत कारंजी पाहताना मुले हरखून जात. परतल्यावर आम्ही ‘आमची सहल’ या विषयावर निबंध लिहून घेत असू. चाळीस वह्यांत एकच निबंध असे. पहिल्या बाकावरच्या मुलाने लिहिलेला आणि शेवटच्या बाकापर्यंत उतरलेला.

एका गोष्टीला मात्र अपवाद होता. दौलताबादच्या किल्ल्यातली ‘अंधारी’ एकही मूल विसरत नसे. डोंगराच्या पोटातून वळणे घेत जाणारा तो काळोखी बोगदा, पुढे मशाल घेऊन चालणारा वाटाड्या, मध्येच मशाल आड करून त्याने केलेला गडद अंधार आणि मुलींच्या किंकाळ्या! वाटाड्या सांगे, शत्रूचे सैनिक या काळोखात वाट चुकत आणि मारले जात. मुले घाबरत, हसत, एकमेकांना चिमटे काढत. पण बाहेर येईपर्यंत त्यांना किल्ल्याची सारी मेख कळलेली असे. तिथे कोणी पाठ दिला नव्हता. भीतीची गंमत हाच पाठ होता. आजही कुठे जुना विद्यार्थी भेटला तर म्हणतो, “सर, ती अंधारी आठवते का?” वेरूळचे शिल्प कोणत्या शतकातले, असे मात्र मला अजून कोणी विचारलेले नाही.

ही जुनीच विद्या

करमणूक आणि शिकवण एका ताटात वाढता येतात का, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. कीर्तनकाराला तो रोज सोडवावा लागे. पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान, ही रचना काही उगाच झाली नाही. श्रोता कथेसाठी बसून राहतो हे बुवांना ठाऊक असते आणि कथेच्या पोटात निरूपण मुरलेले नसेल तर श्रोता उठून जातो हेही.

आपल्या जत्रांचेही तसेच आहे. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे यांचा बाजार, कुस्त्यांचा फड, तमाशा, आणि त्याच आवारात पशुप्रदर्शन अन् कृषी प्रदर्शन. आकाशपाळण्यात बसायला आलेला शेतकरी जाता जाता नव्या वाणाचे कणीस हातात घेऊन पाहतो. त्याला कोणी ‘शैक्षणिक यात्रा’ म्हणत नाही, म्हणूनच कदाचित तो काही शिकून जातो.

जगात या कल्पनेला पैशाचे आणि यंत्रांचे बळ मिळाले ते १९५५ साली. अमेरिकेत कॅलिफोर्नियात वॉल्ट डिस्ने यांनी डिस्नेलँड उघडले आणि एका कल्पनेभोवती गुंफलेल्या उद्यानांचे युग सुरू झाले. पुढे १९८२ मध्ये त्याच कंपनीने फ्लोरिडात ‘एपकॉट’ हे विज्ञान आणि देशोदेशींची संस्कृती दाखवणारे उद्यान काढले. आपल्याकडे १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड आले. आता ते बंद झाले असले तरी एका पिढीच्या स्वप्नात त्याचे पाळणे फिरत होते. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले. यांनी शिकवण्याचा आव फारसा आणला नाही, आणि तो प्रामाणिकपणाच म्हटला पाहिजे. मुलाने आठ तास नुसते हुंदडावे, यातही काही वावगे नाही. वावगे आहे ते त्यावर ‘शैक्षणिक’ असा शिक्का मारण्यात.

दुसरी वाट मुंबईतच वरळीला दिसते. नेहरू विज्ञान केंद्राचे उद्घाटन १९८५ साली झाले, पण त्याआधीच, १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षात, तिथे उघड्यावरचे विज्ञान उद्यान सुरू झाले होते. तरफा, कप्प्या, झोके अशी साधनेच तिथली खेळणी. मूल खेळता खेळता नियमाला हात लावते. तिसरी वाट कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरची. तिथल्या सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात बारा बलुतेदारांचे गाव पुतळ्यांमधून उभे केले आहे. मोट म्हणजे काय, घाणा कसा फिरे, हे ज्यांनी कधी पाहिले नाही अशा मुलांना ते एका दुपारी कळते. आणि चौथी वाट ‘सृष्टी’ची. पुण्याजवळ आंबेगावला शिवसृष्टीचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ रोजी खुला झाला. त्यानंतर तर गावोगावच्या पुढाऱ्यांच्या भाषणात एखादी तरी सृष्टी असतेच.

गोड इतिहासाचा धोका

या साऱ्यांत एक खाचखळगा आहे. तिकीट काढून आलेल्या माणसाला प्रसन्न मनाने घरी पाठवावे लागते. त्यामुळे देखाव्यातले गाव नेहमी सुखी असते. विहिरीला पाणी असते, जनावरे धष्टपुष्ट असतात, सावकार कुठे दिसत नाही आणि गावकुसाबाहेर कोण राहत होते, हा प्रश्न कोणाला पडत नाही. मराठवाड्याच्या माणसाला हे लगेच खटकते. २०१६ साली आम्ही मिरजेहून रेल्वेने आणलेले पाणी लातुरात प्यालो आहोत. आमच्या गावाचा देखावा कोणी केला आणि त्यात टँकर नसला, तर तो देखावा आमचा नव्हे.

हा वाद अमेरिकेतही झाला. १९९३ साली डिस्ने कंपनीने व्हर्जिनिया राज्यात अमेरिकेच्या इतिहासावर उद्यान काढायचे जाहीर केले. यादवी युद्धातली मनासासची रणभूमी तिथून काही मैलांवर. नामवंत इतिहासकार विरोधात उभे राहिले. गुलामगिरी आणि युद्धातले मरण हे पाळण्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांच्या शेजारी मांडणार कसे, असा त्यांचा सवाल होता. रहदारी आणि जमिनीचे प्रश्न होतेच. अखेर सप्टेंबर १९९४ मध्ये कंपनीने त्या जागेचा नाद सोडला.

म्हणजे दुःखाला, मरणाला उद्यानात जागाच नाही, असे समजायचे का? मलाही बरीच वर्षे तसे वाटत होते. माझे मत बदलले ते एका सकाळी.

२१ मार्चची सकाळ

२१ मार्च २०२४. सकाळचे सहा वाजून गेले होते. नांदेडच्या आमच्या घरात कपाटातली भांडी वाजली आणि पंखा बंद असूनही हलू लागला. हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा भूकंप होता तो. पाठोपाठ आणखी एक धक्का आला. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी हिंगोलीतच पुन्हा तेवढ्याच तीव्रतेचा धक्का बसला. मोठी हानी झाली नाही. पण त्या पहिल्या सकाळी आमच्या तिसऱ्या मजल्यावरून नातू सर्वांत आधी धावला तो लिफ्टकडे. शेजारच्या घरातली मुले गॅलरीत जाऊन उभी राहिली. टेबलाखाली शिरून डोके झाकावे, लिफ्टला हात लावू नये, हलते आहे तोवर जिन्यात पळू नये, हे एकालाही माहीत नव्हते. माझ्या नातवालाही नव्हते, आणि त्याचा आजोबा भूगोलाचा मास्तर!

माझे पाय कापत होते, पण ते त्या धक्क्याने नव्हे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मी लातुरात पाहिली आहे. गणपती बोळवून लोक झोपले होते. तीन वाजून छप्पन मिनिटांनी जमीन हलली. लातूरपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरचे किल्लारी आणि लातूर-उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतली कितीतरी गावे ढिगाऱ्याखाली गेली. सरकारी आकड्याप्रमाणे जवळपास आठ हजार माणसे दगावली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली.

त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारी परिसरात धक्के बसत होते. तिकडची काही मुले आमच्या शाळेत होती, वसतिगृहात राहायची. एकाने वर्गात विचारले होते, “सर, आमच्या गावात जमीन गुरगुरते. मोठा भूकंप होईल का?” मी त्या काळी सारेच सांगत तेच सांगितले. दख्खनचे पठार जुने आहे, घट्ट आहे. कोयनेला १९६७ साली झाला तो धरणामुळे, असे मानतात. इकडे भीती नाही. तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली तो नकाशा सुधारला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला. मी चुकीचे शिकवले असे कोणी म्हणणार नाही. पण त्या मुलाला मी घराच्या भिंतीविषयी एक शब्दही सांगितला नव्हता, आणि सांगण्यासारखे खरे तेच होते.

कारण माणसे भूकंपाने मेली नाहीत, घरांनी मेली. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये माती आणि दगडांचे तुकडे. दोन्ही थरांना बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड कुठे घातलेलाच नाही. वर माळवद. गळू नये म्हणून वर्षानुवर्षे मातीचा थर चढवत नेलेले, टनांनी भरेल इतके जड. जमीन हलताच भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, दगड सांडावेत तसे सांडले आणि माती घरभर पसरली. त्याच गावांत कुडाच्या, गवताच्या झोपड्यांतली माणसे मोठ्या संख्येने वाचली. ज्यांच्या मजबूत वाड्याचा गावाला अभिमान होता त्यांची घरेच्या घरे गेली, आणि ज्यांच्याकडे भिंत म्हणावी अशी भिंत नव्हती ते सकाळी इतरांना उकरायला उभे राहिले.

हे मुलांना कुठे दिसते? पुस्तकात दोन ओळी, आणि दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी मानवंदना. श्रद्धांजली झालीच पाहिजे, पण तिच्यातून भिंत कशी बांधावी हे कळत नाही.

भुज आणि कोबे

लेक गुजरातेत असते. तिच्याकडे गेलो असताना मुद्दाम भुजला गेलो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छ उद्ध्वस्त झाला. तिथे भुजिया डुंगरावर ‘स्मृतिवन’ उभारले असून ऑगस्ट २०२२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. टेकडीवर मृतांच्या आठवणीत झाडे लावली आहेत, पाणी अडवणाऱ्या छोट्या जलाशयांपाशी त्यांची नावे कोरली आहेत, आणि संग्रहालयातल्या एका दालनात पायाखालची जमीन खरोखर हलते. रांगेत माझ्यापुढे शाळेची मुले होती, एकमेकांना ढकलणारी, खिदळणारी. जमीन हलताना ती ओरडली. बाहेर येताना मात्र त्यांचा गलका थांबला होता. एक मुलगी बाईंना काहीतरी विचारत होती. गुजराती मला नीट कळत नाही, पण ‘घर’ हा शब्द दोनदा आला.

जपानमध्ये कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात सहा हजारांवर माणसे गेली. तिथे २००२ साली उघडलेल्या संग्रहालयात पाहुण्यांना आधी त्या पहाटेचा चित्रपट दाखवतात, मोठ्या आवाजासकट. पण मुलांना धरून ठेवतात ती माणसे. भूकंपातून वाचलेले वृद्ध स्वयंसेवक समोर बसून आपली हकीकत सांगतात. यंत्र हादरा देते आणि माणूस त्याचा अर्थ सांगतो. दौलताबादच्या अंधारीतला वाटाड्या दुसरे काय करत होता?

परत आल्यावर मी किल्लारीकडे गेलो. ओळखीच्या एका घरी म्हातारीला भुजचे सगळे सांगितले आणि आपल्याकडेही असे काही हवे म्हणालो. तिची दोन लेकरे त्या पहाटे गेली आहेत. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “गुरजी, आमच्या मरणाची जत्रा भरवू नका. लोकं तिकीट काढून हसायला येतील.”

मी मान खाली घातली. तेवढ्यात तिचा नातू मोबाईल घेऊन समोरून गेला. त्याच्याकडे बघत तीच पुढे म्हणाली, “पर ह्या लेकरायला काईच ठाव न्हाई, ते बी बरं न्हाई. वर नवा मजला बांधायलेत. भिंतीत काय घातलं ते कोन बघतंय?”

सारा पेच या दोन वाक्यांत आला. आणि मला वाटते, वाटही त्यातच आहे.

काय हवे, काय नको

रंगीत कारंजी आणि सिमेंटचा हत्ती असलेले आणखी एक उद्यान लातूर-नांदेडला नको. नांदेडला गोविंद बागेत संध्याकाळी लेझरच्या झोतात शीख गुरूंचे चरित्र दाखवतात. लांबून आलेली कुटुंबे आपल्या मुलांना मांडीवर घेऊन ते पाहतात. ते परिणाम करते, कारण ज्या गोदाकाठी १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला त्याच गावात ते दाखवले जाते. जागा खरी असली की झगमगाट थोडा पुरतो. किल्लारीची जागाही खरी आहे.

तिथे घसरगुंडी नसली तरी चालेल. एक मोठी हलती फळी हवी, मुलाने स्वतः दांडा फिरवून हलवायची. तिच्यावर दोन छोटी दगडी घरे. एकात आरपार दगड घातलेले आणि वर सिमेंटचा पट्टा बांधलेला, दुसऱ्यात काही नाही. मुलाने दांडा फिरवावा, एक घर पडावे, दुसरे उभे राहावे. मग पडलेले घर त्यानेच पुन्हा रचावे. यात खेळ आहे, आरडाओरडा आहे, पैज लावायलाही वाव आहे. आणि कोणाच्याही मरणाची थट्टा नाही. जुन्या गावाची एखादी गल्ली, खऱ्या मापाची भिंत मधून कापून दाखवलेली हवी. गवंड्यांसाठी वेगळा दिवस हवा, कारण घर शेवटी तेच बांधतात. जिल्हा परिषदेच्या शाळांना तिकीट नको. आणि शेवटी एक साधी खोली, जिथे त्या पहाटेतून वाचलेले कोणी बोलेल, ज्याला बोलायचे आहे तोच. तिथे फोटो नको, टाळ्या नकोत.

याला फार मोठा पैसा लागत नाही. त्यापेक्षा निगा लागते. आपल्याकडे उद्घाटनाची फीत कापली जाते आणि दोन पावसाळ्यांनंतर यंत्र गंजते, म्हणून आधी पगारी माणूस नेमावा आणि मग दांडा बसवावा. आणि घाई हवी. १९९३ साली जे वीस वर्षांचे होते ते आज पन्नाशी ओलांडून गेले आहेत. सांगणारी माणसे आणखी पंचवीस वर्षांनी कुठून आणणार?

गेल्या रविवारी मी घरीच प्रयोग केला. जेवायचा जुना पाट, खाली चार पेन्सिली आणि वर ओल्या मातीत बसवलेल्या खड्यांची दोन घरे. एका घराला मी आडव्या काड्या घातल्या होत्या. नातवाने पाट हलवला. बिनकाड्यांचे घर तिसऱ्या हिसक्याला बसले. तो पोट धरून हसला, पुन्हा रचले, पुन्हा हलवले. असे सात-आठ वेळा झाले. सूनबाईंची फरशी मातीने भरली.

मग एकाएकी थांबून त्याने विचारले, “आजोबा, आपली बिल्डिंग कशी आहे?”

आम्ही दोघे खाली उतरलो. तळमजल्यावर भिंती नाहीत, गाड्या ठेवायला नुसते खांब आहेत. २००१ साली अहमदाबादेत पडलेल्या कितीतरी इमारती अशाच खांबांवर उभ्या होत्या, हे मी त्याला सांगितले. त्याने खांब मोजले, एकावरच्या तड्यावर बोट फिरवले आणि वहीत लिहून घेतले. त्या वहीवरून मी बिल्डरला पत्र धाडले आहे. उत्तर अजून आलेले नाही. नातू मात्र रोज शाळेतून आला की विचारतो.